खाऱ्या टांकींतील तपकिरी शेवाळ

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमानजीक वसलेल्या कुरुंदवाडला पाण्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पावसाळ्यांत घाटाच्या पायऱ्या गिळणारें पाणी, २००५ आणि २०१९ सालच्या महापुरांनंतर घराघरांत सांचलेला गाळ, आणि उन्हाळ्यांत निवळलेल्या प्रवाहाखालीं पायऱ्यांवर बसणारा तपकिरी, बुळबुळीत लेप, हीं पाण्याचीं सारीं रूपें तेथील आबालवृद्धांच्या परिचयाचीं आहेत. समुद्र मात्र या गांवापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. असें असतांहि कांचेच्या टांकींत समुद्राचा एक लहानसा तुकडा आणून घरांत ठेवण्याची हौस आतां देशावरील गांवांतहि पोंचूं लागली आहे. आणि त्या हौसेबरोबर घाटावरच्या त्या तपकिरी लेपाचा एक खारा भाऊबंदहि दिवाणखान्यांत येऊन बसला आहे.

अशी टांकी मांडणारा मनुष्य बहुधा काटेकोर असतो. तो मिठाचें प्रमाण मोजतो, पाण्याची उष्णता राखतो, तळाशीं पांढरीशुभ्र वाळू पसरतो, आणि दोन-तीन आठवडे सारें दृश्य चित्रासारखें स्वच्छ राहतें. मग एके सकाळीं वाळूवर पिवळसर-तपकिरी धूळ बसल्याचा भास होतो. आठवड्याभरांत ती धूळ कांचेवर, दगडांवर आणि पंपाच्या नळीवर चढते. पुसली तर निघते; परंतु दोन दिवसांत तितकीच परत येते. येथें पुष्कळांचा धीर सुटतो. कोणी सगळी वाळू उपसून नळाखालीं धुतो, कोणी शेवाळ मारणारें औषध आणून ओततो, कोणी सगळें पाणी एकदम बदलतो. शेवाळ पुन्हां येतेंच. मासे मात्र तोंपर्यंत मरून गेलेले असतात. या शेवाळानें मेलेला मासा विरळा. त्यावरील उतावळ्या उपायांनीं मेलेले मासे पुष्कळ. म्हणून या तपकिरी पाहुण्याचें कुळशील आधीं पाहणें अगत्याचें आहे.

‘तपकिरी शेवाळ’ हें नांव सोयीचें असलें, तरी शास्त्रदृष्ट्या थोडें फसवें आहे. वनस्पतिशास्त्रांत ज्यांना तपकिरी शैवलें म्हणतात, तीं कोंकणच्या किनाऱ्यावरील खडकांवर वाढणारीं, सरगॅसमसारखीं मोठीं व पानांसारखीं दिसणारीं शैवलें होत. टांकींतील धूळ ही बहुतेक वेळां डायाटम या एकपेशीय वनस्पतींची वस्ती असते. दोन्ही कुळांत हरितद्रव्याला झांकून टाकणारें एकच सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य असतें, व तेवढ्यापुरतीं तीं दूरचीं भावंडें आहेत. डायाटमचा एकेक जीव डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचें माप मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनीं घ्यावें लागतें. लाखों जीव एकत्र जमले म्हणजेच वाळूवर तो तपकिरी थर उमटतो.

डायाटमला मराठींत ‘करंडक वनस्पति’ असें एक अन्वर्थक नांव आहे. कुंकवाच्या करंड्याला जसें खालचें भांडें आणि वरचें झांकण असतें, तसेंच या जीवाचें कवच दोन अर्धांचें असतें, व तें सिलिकेचें, म्हणजे कांचेच्याच जातीच्या द्रव्याचें बनलेलें असतें. एका जीवाचे दोन होतांना हे दोन अर्ध एकमेकांपासून सुटतात. प्रत्येक पिलाच्या वांट्याला एक अर्ध येतो. तो झांकण म्हणून वापरून तें आंत बसेल असें नवें भांडें घडवितें. ज्याला जुनें झांकण मिळालें तें आईएवढेंच राहतें, आणि ज्याला जुनें भांडें मिळालें तें किंचित् लहान होतें. पिढ्यांमागून पिढ्या वस्तीचा सरासरी आकार असा घटत जातो, आणि फारच लहान झालेले जीव अखेर लैंगिक प्रजननाच्या मार्गानें कवच टाकून पुन्हां पूर्ण आकार धारण करतात. या सर्व खटाटोपांत एक गोष्ट मात्र अटळ आहे : नवें कवच घडवावयाचें तर पाण्यांत विरघळलेली सिलिका मिळालीच पाहिजे. ती मिळेनाशी झाली कीं वाढ थांबते. टांकी पाळणाऱ्याच्या दृष्टीनें साऱ्या प्रश्नाची किल्ली येथेंच आहे.

हा जीव क्षुद्र आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पृथ्वीवर प्रकाशाच्या साहाय्यानें जेवढें अन्न तयार होतें त्यांतील सुमारें पांचवा हिस्सा एकट्या डायाटमांचा मानला जातो. मेलेल्या डायाटमांच्या कवचांचे थर युगानुयुगें सांचून जी पांढरी, हलकी माती होते, तींत नायट्रोग्लिसरीन जिरवून आल्फ्रेड नोबेल यानें १८६७ सालीं डायनामाइटचें पेटंट घेतलें. आणि कोल्हापूर जिल्ह्याचा तर या जीवाशीं विशेष संबंध आहे. एच. पी. गांधी या भारतीय संशोधकानें कोल्हापूर व त्याच्या आसपासच्या गोड्या पाण्यांतील डायाटमांचा अभ्यास करून १९५८ सालीं तो प्रसिद्ध केला, व पुढच्याच वर्षीं पन्हाळगडावरील डायाटमांचें वर्णन प्रसिद्ध केलें. कोल्हापूरहून गांधी यांनीं नोंदलेल्या एका प्रजातीच्या जातींची फेरतपासणी २०१२ सालीं कार्तिक व कोसिओलेक या संशोधकांनीं केली. ज्या धुळीला टांकीवाला वैतागतो, तिच्याच गोड्या पाण्यांतील भाऊबंदांनीं या जिल्ह्याचें नांव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत नेलें आहे.

कांचेच्या भांड्यांत जलचर पाळण्याचा इतिहास आणि शेवाळाची तक्रार या दोन गोष्टी जन्मापासून जोडलेल्या आहेत. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० च्या सुमारास एका भांड्यांत सोनमासे व पाणवनस्पति एकत्र ठेवल्या. वनस्पतींनीं प्राणवायु द्यावा आणि माशांनीं तो घ्यावा, असा हिशेब होता. परंतु कुजणाऱ्या पानांमुळें पाणी बुळबुळीत झालें व कांचेवर शेवाळ चढलें. तेव्हां त्यानें पाण्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं तें खाऊन टाकलें, आणि भांडें निवळलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, व देशावरून मुंबईस गेलेल्या कित्येक कुटुंबांनीं समुद्रांतील जिवंत मासा प्रथम पाहिला तो तेथेंच. वॉरिंग्टनच्या अनुभवांतील धडा मात्र आजहि ताजा आहे : भांड्यांतील अपायकारक वाढ थांबवावयाची तर त्या भांड्याचा जमाखर्च बरोबर बसवावा लागतो.

हा जमाखर्च कुरुंदवाडांत कसा बिघडतो तें पाहण्यासारखें आहे. नव्या टांकींत पहिल्या महिन्यांत डायाटम येणें हें स्वाभाविक होय. नव्या वाळूंतून व दगडांतून थोडी सिलिका सुटते. माशांच्या मलमूत्रांतील अमोनियाचें नायट्राइट व नायट्राइटचें नायट्रेट करणारे उपकारक जंतु अद्याप पुरते स्थिरावलेले नसतात. वाळूवर दुसऱ्या कोणाचीच वस्ती नसते. मोकळ्या माळावर पहिल्या पावसानंतर जसें आधीं तण उगवतें, तसेच मोकळ्या वाळूवर आधीं डायाटम उगवतात. सिलिकेचा सांठा संपला, जंतूंची व हिरव्या शैवलांची वस्ती बसली, म्हणजे बहुधा चार ते आठ आठवड्यांत ते आपोआप ओसरतात. या मुदतींत करावयाचें तें एवढेंच, कीं खाणें बेताचें घालावें, कांच पुसावी, आणि वाट पाहावी.

खरा प्रश्न दोन-तीन महिने लोटले तरी न जाणाऱ्या शेवाळाचा आहे. अशा वेळीं सिलिका कोठून तरी नित्य येत आहे असें अनुमान करावें लागतें, आणि देशावर तो झरा बहुतेक वेळां पाण्याच्या नळांतच असतो. सह्याद्रीपासून कृष्णाकांठापर्यंतचा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. हा दगड झिजतांना त्यांतून सिलिका सुटते व ती भूजलांत विरघळते. म्हणून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यांत ती स्वभावतःच असते. पिणाऱ्या माणसाला तिच्यापासून अपाय नाहीं. डायाटमला मात्र ती मेजवानी होय. त्यांतच शिरोळ तालुका उंसाचा. शेतांत घातलेल्या खतांपैकीं जें पीक उचलीत नाहीं, त्यांतील नायट्रेटचा अंश पाण्याबरोबर खालीं उतरतो. सिलिका आणि नायट्रेट हीं दोन्ही एकाच बादलींतून मिळालीं, तर वाळूवर तपकिरी शेत पिकल्यावांचून कसें राहील ?

येथें आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. शिरोळ तालुक्यांत अतिपाण्यामुळें क्षारपड झालेल्या जमिनी पुष्कळ आहेत, व तेथील कांहीं विहिरींचें पाणी जिभेला खारट लागतें. असें पाणी समुद्राच्या टांकीला जवळचें असेल अशी कल्पना होणें शक्य आहे. परंतु ती चूक आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, क्लोराइड व सल्फेट यांचें एकमेकांशीं प्रमाण ठरलेलें असतें. क्षारपड जमिनीच्या पाण्यांतील क्षार निराळे व त्यांचें प्रमाणहि निराळें. म्हणून देशावर टांकी ठेवणाऱ्यानें शुद्ध केलेल्या पाण्यांत तयार सागरी मीठ विरघळवावें, हाच मार्ग होय. कोंकणांतून पाणी आणण्याचा मोह होतो. पण पावसाळ्यांत नद्यांच्या मुखांजवळचें पाणी गाळानें, सिलिकेनें व खतांच्या अंशानें भरलेलें असतें, आणि एरवींहि बंदराजवळच्या पाण्याचा भरंवसा देतां येत नाहीं.

सिलिका सांचते कशी याचा हिशेब सोपा आहे. शंभर लिटरच्या एका टांकींतून उन्हाळ्यांत रोज एक लिटर पाणी वाफ होऊन उडतें असें मानलें. वाफेबरोबर मीठ जात नाहीं, म्हणून तूट भरून काढतांना गोडें पाणी घालावें लागतें. हें पाणी बोअरचें असून त्याच्या प्रत्येक लिटरांत २५ मिलिग्रॅम सिलिका आहे असें धरलें, तर ३० दिवसांत ७५० मिलिग्रॅम सिलिका टांकींत पडली. म्हणजे टांकींतल्या प्रत्येक लिटरामागें साडेसात मिलिग्रॅम. पाणी उडालें, सिलिका राहिली, आणि दुसऱ्या महिन्यांत तितकीच भर पुन्हां पडली. पाळणारा वाळू पुसून थकतो, आणि शेवाळाला रोज सकाळीं स्वतःच्याच हातानें खुराक घालतो. खारें पाणी शुद्ध पाण्यानें तयार करून रोजची भर मात्र नळाच्या पाण्यानें घालणारे लोक पुष्कळ असतात. जुनाट शेवाळाच्या तक्रारींत हें कारण प्रथम तपासावें.

पाणी शुद्ध करण्याचें आर. ओ. यंत्र आतां घरोघर असतें. तें बरीचशी सिलिका अडवितें, परंतु सगळी अडवीत नाहीं. आणि घरच्या कांहीं यंत्रांत चवीसाठीं क्षार पुन्हां मिसळले जातात, तें टांकीला उपयोगाचें नाहीं. म्हणून आर. ओ. च्या पुढें आयन शोषून घेणाऱ्या राळेची, म्हणजे डी. आय. रेझिनची, एक नळी जोडावी लागते. या नळीचा एक लबाड स्वभाव ध्यानांत ठेवला पाहिजे. राळ थकत आली म्हणजे तिच्यांतून जीं द्रव्यें आधीं निसटतात, त्यांत सिलिका असते. आणि पाण्यांतील एकंदर क्षार दाखविणारें टी. डी. एस. मीटर विजेच्या वहनावर चालत असल्यामुळें त्याला ही सिलिका जवळजवळ दिसतच नाहीं. मीटरवर शून्य, आणि वाळूवर शेवाळ, असा विरोधाभास त्यामुळें घडतो. याकरितां राळ वेळच्या वेळीं बदलावी, आणि संशय आल्यास सिलिकेटची स्वतंत्र चांचणी करावी. ही चांचणी टांकींतील पाण्याची करून भागत नाहीं, कारण तेथली सिलिका डायाटमांनीं आधींच गिळलेली असूं शकते व उत्तर खोटें शून्य येतें. ती टांकींत घालावयाच्या पाण्याची करावी.

दुसरें कारण वाळूचें. कृष्णेच्या पात्रांतील वाळू हाताशीं असते म्हणून ती धुऊन वापरण्याचा मोह होतो. परंतु तींत काळ्या दगडाचे कण, लोहयुक्त माती आणि अतिसूक्ष्म गाळ मिसळलेला असतो, व तो कितीहि धुतला तरी पुरता निघत नाहीं. सागरी टांकींत शंखशिंपले व प्रवाळ यांपासून झालेली चुनखडीची वाळू पसंत केली जाते. ती पाण्याचा क्षारधर्म सांभाळण्यासहि थोडा हातभार लावते. गारेची स्वच्छ वाळू पाण्यांत फारशी विरघळत नाहीं, त्यामुळें ‘वाळूंत सिलिका आहे म्हणून शेवाळ येतें’ हा ठपका तिच्यावर सरसकट ठेवतां येत नाहीं. गाळमिश्रित, न निवडलेली वाळू मात्र टाळावी.

उपायाला हात घालण्यापूर्वीं निदान पक्कें झालें पाहिजे, कारण तपकिरी दिसणारें सारेंच डायाटम नसतें. डायाटमचा थर धुळीसारखा असतो, बोट फिरवितांच ढगासारखा उडतो, व त्याला लांब धागे नसतात. याउलट निळ्या-हिरव्या जंतूंचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियांचा थर चामड्यासारखा अखंड असून कडेला धरून ओढला तर सोलून निघतो; तो तांबूस, जांभळा किंवा काळपट असतो, त्याला उग्र वास येतो, आणि जेथें प्रवाह मंद व घाण सांचलेली असते तेथें तो पसरतो. तिसरा आणि सर्वांत त्रासदायक प्रकार डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा. हे शेंबडासारखे लोंबतात, त्यांच्या धाग्यांना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, रात्रीं ते विरळ होतात व दुपारपर्यंत पुन्हां दाट होतात. त्यांच्या कांहीं जाति विषारी असल्यामुळें ते खाणाऱ्या गोगलगाई मरूं लागतात. एक सोपी परीक्षा आहे. थोडें शेवाळ टांकींतल्याच पाण्यासह बाटलींत घेऊन जोरानें हलवावें, कागदी गाळणींतून गाळावें, आणि गाळलेलें पाणी तासभर उजेडांत ठेवावें. त्यांत पुन्हां धागे जमूं लागले तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय बळावतो. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकानेंच होते, आणि तो शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो. चारशे पट मोठें करून पाहिलें असतां डायाटम होडीसारखे, सुबक रेघांचे दिसतात व संथ सरकतात. डायनोफ्लॅजेलेट भोंवऱ्यासारखे गरगरतात.

हा भेद करण्याचें कारण असें, कीं एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरतो. डायाटमची उपासमार करावयाची असते. डायनोफ्लॅजेलेट मात्र पुष्कळदां नायट्रेट व फॉस्फेट अगदीं शून्यावर आलेल्या, अतिस्वच्छ टांकींतच माजतात, कारण त्यांचे प्रतिस्पर्धी तेथें उपाशी मरतात. तेथें आणखी स्वच्छता केली तर रोग वाढतो. उलट पोषक द्रव्यें थोडीं वाढूं देऊन इतर जीवांना बळ द्यावें लागतें. म्हणून नायट्रेट लिटरला पांच ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट सुमारें ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम, अशी मध्यम स्थिति बहुतेक जाणकार पसंत करतात. टांकीची अतिस्वच्छता हेंच नेहमीं आरोग्याचें लक्षण असतें असें नाहीं.

डायाटमच आहेत असें ठरल्यावर उपायांचा क्रम असा ठेवावा. पहिलें, बाहेरून येणारी सिलिका थांबवावी. रोजची भर आणि बदलावयाचें पाणी, दोन्ही शुद्ध असावींत. दुसरें, वाळूवरचा तपकिरी थर बारीक नळीनें अलगद ओढून बाहेर काढावा. वाळू नुसती ढवळली तर शेवाळ दिसेनासें होतें, पण कवचांतील सिलिका टांकींतच राहून कालांतरानें पुन्हां विरघळते; बाहेर काढलेला थर मात्र आपल्याबरोबर सिलिका घेऊन जातो. हें करतांना वरचा पातळ थरच उचलावा, व एका दिवशीं टांकीच्या चतुर्थांशापलीकडे जाऊं नये. खोलवरची जुनी वाळू एकदम उकरली तर तींत कोंडलेली घाण व विषारी वायु मोकळे होतात, आणि उपकारक जंतूंची वस्तीहि मोडते. तिसरें, आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलावें. दर आठवड्यास १५ टक्के बदलल्यास चार आठवड्यांत जुन्या पाण्यांतील सुमारें निम्मीं विरघळलेलीं द्रव्यें निघून जातात. मात्र त्या अवधींत नवी भर पडतां कामा नये.

चौथें, पंपाची दिशा अशी लावावी कीं वाळूवरून सौम्य प्रवाह वाहील व कोपऱ्यांत घाण सांचणार नाहीं. पांचवें, माशांना खाणें दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. सहावें, दिवा दिवसाला सहा-सात तासांवर आणावा व टांकीवर थेट ऊन येऊं देऊं नये. तथापि डायाटमांना मंद उजेडहि पुरतो, म्हणून केवळ दिवा बंद करून ते जातील अशी आशा धरूं नये. याउप्परहि शेवाळ हटलें नाहीं, तर फॉस्फेट व सिलिकेट दोन्ही शोषून घेणारे लोह-ऑक्साइडचे कण गाळणींत थोड्या प्रमाणांत ठेवतां येतात. ते एकदम पुष्कळ घातले तर फॉस्फेट अकस्मात् शून्यावर येऊन नवेंच संकट उभें राहतें. यासाठीं मात्रा हळूहळू वाढवावी.

वॉरिंग्टनच्या गोगलगाईंचा मार्गहि आहेच. समुद्रांतील कांहीं शंखधारी गोगलगाई वाळूवरून व कांचेवरून चरत फिरतात व रोजचें शेवाळ रोज खातात. कांहीं वाळूंत शिरून ती हलती ठेवतात. त्यांची भरती टांकी जुनी झाल्यावर व थोडथोडी करावी. शेवाळ संपल्यावर उपाशी मरणारी फौज मेल्यानंतर पाणीच नासविते. ज्या औषधांत तांबें असतें, तीं या टांकींत कधींहि घालूं नयेत. तांब्याचा अल्पसा अंशहि गोगलगाई, खेकडे, झिंगे यांना प्राणघातक असतो, आणि तो वाळूंत व दगडांत मुरून पुढें बराच काळ त्रास देतो.

शेवाळाचा प्रश्न येथें एका मोठ्या प्रश्नाला जाऊन भिडतो. गोड्या पाण्यांतील पाळीव मासे बहुतेक हौदांत पैदास केलेले असतात. समुद्रांतील पुष्कळ जाति मात्र अद्याप प्रवाळखडकांवरून पकडूनच आणल्या जातात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें विदूषक माशांची पैदास टांक्यांत करण्याच्या पद्धति बसविल्या आहेत, आणि नवशिक्यानें असेच पैदास केलेले मासे मागावेत. प्रवाळांची गोष्ट तर कायद्याचीच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं सर्व खडकबांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे घालण्यांत आले. समुद्रांतून असे प्रवाळ किंवा जिवंत प्रवाळखडक तोडून आणणें व त्यांचा व्यापार करणें गुन्हा आहे. टांकींत कृत्रिम सच्छिद्र दगड ठेवले तरी उपकारक जंतु त्यांवर तितकेच सुखानें राहतात, फक्त थोडा अधिक वेळ घेतात. नव्या कोऱ्या दगडांवर प्रथम डायाटम येतात ते याच कारणानें. तो विलंब सोसणें हें कायदा पाळण्याचें आणि समुद्र राखण्याचें मोल समजावें.

घाईनें मोडलेली प्रत्येक टांकी पुन्हां नव्यानें भरली जाते, म्हणजे समुद्रांतून आणखी कांहीं जीव उचलले जातात. एका हौशी माणसानें वाळूवरची तपकिरी धूळ दोन महिने शांतपणें सोसली, तर त्याच्या संयमानें वांचलेले मासे कोणी मोजीत नाहीं. परंतु ते वांचलेले असतात. शेवाळाच्या प्रश्नांत खरी बाजी लागलेली आहे ती या जीवांची.

डायाटमांचा आणखी एक उपयोग कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं राहणाऱ्यांनीं विसरूं नये. कोणत्या जातीचे डायाटम कोठें वाढतात यावरून नदीच्या पाण्याची प्रकृति ओळखण्याची रीत जगभर रूढ झाली आहे. कांहीं जाति स्वच्छ, वाहत्या पाण्यांतच टिकतात. कांहींना सांडपाणी आणि खत मानवतें. पंचगंगेच्या प्रदूषणाविषयीं जी चिंता वर्षानुवर्षें व्यक्त होते, तिची साक्ष घाटाच्या पायरीवरचा तो तपकिरी लेपहि देत असतो. तो वाचणारा सूक्ष्मदर्शक मात्र हवा. घरांतील कांचेची टांकी सांभाळतांना ज्याला पाण्यांतील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका मोजण्याची संवय लागली, त्याला दाराजवळच्या नदीचें पाणीहि त्याच नजरेनें पाहतां येईल. तालुक्यांतील एखाद्या शाळेनें टांकीची हौस आणि नदीची ही पाहणी एकत्र केली, तर विज्ञानाचा याहून सोपा व जिवंत पाठ सांपडणें कठीण.

टांकी सुधारूं लागल्याचीं लक्षणें ओळखून ठेवावींत. वाळूवरचा तपकिरी रंग प्रथम फिकट होतो, मग तुकड्यातुकड्यांनीं तुटतो. कांचेवर तपकिरीच्या जागीं हिरवट झांक येते, व ती पुसण्याची गरज रोजच्याऐवजीं तीन-चार दिवसांनीं पडूं लागते. ही हिरवट झांक शत्रु नव्हे. आतां इतर शैवलांनीं जागा घेतली याची ती खूण आहे. पुढची कांच पाहण्यासाठीं स्वच्छ ठेवावी, आणि मागच्या कांचेवरची झांक गोगलगाईंकरितां राहूं द्यावी. आठवड्याचें पाणी बदलणें, राळेची नळी तपासणें, वाफेची तूट शुद्ध पाण्यानें भरणें आणि माशांना बेतानें घालणें, एवढीं चार कामें नियमानें होत राहिलीं, म्हणजे सह्याद्रीच्या अलीकडेहि समुद्राचा तो लहानसा तुकडा वर्षानुवर्षें निरोगी राहतो.